अर्धा अभ्यास आत्याकडे

मी अकरावीत, म्हणजे तेव्हाच्या मॅट्रिकच्या वर्गात, होते त्या वर्षी आमच्या घरचा दिवस कारखान्याचा भोंगा ठरवायचा. मुंबई रस्त्याच्या कडेला नवा कारखाना सुरू झाला होता आणि अण्णा, माझे वडील, तिथे बॉयलरवर कामाला होते. आम्ही मूळचे माणदेशातले. पिंपरी गावात एका शेतकऱ्याच्या घराची पुढची खोली आम्हाला भाड्याने मिळाली होती. स्वयंपाक, झोपणं, पाहुणे, अभ्यास, सगळं त्या एका खोलीत. अण्णांची रात्रपाळी असली की ते सकाळी येत, भाकरी खात आणि आडवे होत. मग दुपार कलेपर्यंत आई पातेल्यावरचं झाकणसुद्धा फडक्याने धरून उचलायची. पुस्तकाचं पान उलटलं तरी अण्णांना जाग येईल असं मला वाटायचं, आणि मी एकच पान समोर धरून बसून राहायचे.

सहामाहीत मी गणितात नापास झाले. इतिहासात जेमतेम वाचले. चिंचवडच्या शाळेत आमच्या वर्गात मुली थोड्या, त्यामुळे कुणाचं काय झालं ते लपत नसे. हेडमास्तरांनी अण्णांना बोलावून घेतलं.

"पूर्वपरीक्षेत पास झाली तर बोर्डाला बसवतो," ते म्हणाले. "नाहीतर यंदा नाही. इंग्रजी, शास्त्र चांगलं आहे तिचं, पण गणिताशिवाय मॅट्रिक होत नाही."

 घरी आल्यावर अण्णा आईला म्हणाले, "यंदा बसली तर बसली. पुढल्या वर्षाचं मी धरत नाही."

याचा अर्थ आईला कळला आणि मलाही. मावशीच्या सासरकडून माझ्यासाठी एक स्थळ सुचवलेलं होतं आणि अण्णांनी त्यांना परीक्षेनंतर सांगतो असं कळवलं होतं.

त्या दिवाळीत माझी आत्या आली. अण्णांची सगळ्यात धाकटी बहीण, माझ्याहून पाच-सहा वर्षांनीच मोठी. नववी झाली आणि तिचं लग्न लावून दिलं होतं. भाऊबीजेला आली तेव्हा तिच्याबरोबर तिची पत्र्याची ट्रंक होती. भाऊबीजेला कुणी ट्रंक घेऊन येत नाही. आईने ट्रंकेकडे पाहिलं आणि कोपऱ्यातली धान्याची गोणी सरकवून जागा केली. मूल होत नाही म्हणून सासूने बोलणं टाकलं होतं, आणि शेवटी आत्याच्या यजमानांनीच तिला गाडीत बसवून दिलं होतं, न्यायला येईन असं न म्हणता. हे मला आईकडून तुकड्यातुकड्याने कळलं. 

ती आली त्या आठवड्यात अण्णांची रात्रपाळी होती. ते झोपलेले, आई धान्य निवडत बसलेली, आणि आत्याने माझं भूमितीचं पुस्तक उचललं. संध्याकाळपर्यंत ते तिच्या हातातून सुटलं नाही. गोष्टीचं पुस्तक वाचावं तशी ती वाचत होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पवना नदीवर धुणं घेऊन गेलो. तिने विटेच्या तुकड्याने धुण्याच्या दगडावर त्रिकोण काढला आणि म्हणाली, "हे दोन कोन सारखे का?"

"सारखेच असतात," मी म्हटलं.

"असतात हे पुस्तकात लिहिलंय. का असतात?"

मी तेच वाक्य पुन्हा म्हटलं. ती हसली नाही की रागावलीही नाही. "तू लगेच शेवटाकडे धावतेस," ती म्हणाली. "आधी तुला दिलंय काय ते बघ. जे दिलंय त्याच्या पलीकडे एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही." आणि तिने एकेक पायरी मला बोलायला लावली. धुणं तसंच राहिलं. मी पहिल्यांदाच एक सिद्धता पाठ न करता सांगितली.

परत येताना ती म्हणाली, "मी पण बसते मॅट्रिकला. बाहेरून बसता येतं."

अण्णांना हे सांगायचं काम तिने कुणावर टाकलं नाही. ते जेवत असताना समोर बसून सांगितलं. अण्णा म्हणाले, "सासरी कळलं तर काय म्हणतील?"

"दादा, तिथं आता मी नाही. इथं नुसती बसून खाऊ का? मॅट्रिक झाले तर मास्तरीण होता येईल."

अण्णा भाकरी मोडत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "हेडमास्तरांना विचारतो काय करायला लागतं ते."

पुस्तकांचा संच एकच होता. दोघींना एकाच वेळी एक पुस्तक वाचता येईना, आणि परीक्षा तर एकाच दिवशी. तेव्हा आत्याने वाटणी केली. बीजगणित, भूमिती आणि इतिहास तिच्याकडे. इंग्रजी, शास्त्र आणि भूगोल माझ्याकडे. मराठी जिचं तिने वाचायचं. आपापला भाग प्रत्येकीने आधी वाचायचा आणि संध्याकाळी दुसरीला शिकवायचा. दुसरीला तो उलट सांगता आला नाही तर दोष शिकवणारीचा, आणि दुसऱ्या दिवशी तिने तो पुन्हा तयार करून यायचं. हा नियम आत्याचा, आणि तो तिने एकदाही ढिला केला नाही. शाळेतून दमून आलेय म्हटलं तर ती म्हणायची, "बरं, मग दमलेली असताना जेवढं येतं तेवढं सांग." आणि सांगायला सुरुवात केली की थकवा मागे पडायचा.

दर आठवड्याला अण्णांची पाळी बदलली की आमचं वेळापत्रकही बदलायचं. ते पहिल्या पाळीला असले की सकाळी खोली आमची. मोठ्याने वाचता यायचं. दुसऱ्या पाळीला असले की संध्याकाळ मोकळी. रात्रपाळीचा आठवडा वाईट. तेव्हा शाळेपूर्वीचा वेळ नदीवर जायचा आणि सुट्टीच्या दिवशी बसायला गोठा. गोठा घरमालकिणीचा. आम्ही तिला काकी म्हणायचो. त्या घराण्याची जमीन नदीपर्यंत होती, आणि बिऱ्हाडकरूंनी गोठ्याकडे फिरकू नये असा तिचा दंडक होता. पहिल्या दिवशी ती दारात उभी राहून म्हणाली, "आगं, काय पुटपुटताय? म्हशी बिचकत्यात."

आत्या म्हणाली, "काकी, शेण आम्ही काढतो. बसू द्या फक्त."

काकीने जरा विचार केला. "शेण काढा, पण म्होरल्या म्हशीपाशी बसू नका. लाथ मारती."

अशा तऱ्हेने आम्ही शिवाजी-संभाजीपासून पेशवाईपर्यंत सगळा इतिहास कडब्याच्या वासात केला.

हे वाचताना मजेचं वाटेल, पण ते दिवस मजेचे नव्हते. मला सतत धाकधूक असायची. एखादं उदाहरण अडलं की डोळ्यांसमोर ते स्थळ यायचं. आत्याची धाकधूक वेगळी होती. रस्त्यावर एस.टी. थांबल्याचा आवाज आला की ती बोलता बोलता गप्प व्हायची, कान द्यायची, आणि मग जिथे थांबली होती तिथूनच पुढे सुरू करायची. इंग्रजी तिला जड जात होतं. नववीनंतर तिने इंग्रजी अक्षर पाहिलं नव्हतं. मी शिकवलेलं ती आठवणीने धरून ठेवायची, पण वाक्य स्वतः रचायचं म्हटलं की अडखळायची.

"हे मला शेवटपर्यंत नडणार," ती एकदा म्हणाली.

"रोज करू या," मी म्हटलं.

पूर्वपरीक्षेत मी गणितात पास झाले. फार मार्क नव्हते, पण पास. हेडमास्तरांनी यादीत माझं नाव वाचलं. घरी येऊन सांगितलं तेव्हा आत्याने एवढंच विचारलं, "भूमितीचा शेवटचा प्रश्न सोडवलास?" मी नाही म्हटल्यावर तिने मला तो लगेच सोडवायला बसवलं.

बोर्डाची परीक्षा महिन्याभरावर आली होती तेव्हा ती माणसं आली.

शाळेला सुट्टी होती. अण्णा पहिल्या पाळीला गेले होते. आई निर्वासितांच्या कॅम्पातल्या दुकानात गेली होती. खोली रिकामी होती, तरी सवयीने आम्ही दोघी गोठ्यात बसलो होतो आणि आत्या मला वर्तुळाचं प्रमेय समजावत होती. काकी आत आली आणि हलक्या आवाजात म्हणाली, "पाव्हणं आल्याती तुमच्याकडं. दोघं हायती. एक म्हातारा, एक ज्वान. ज्वान खाली मान घालून हुबा हाय."

आत्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. तिने पुस्तक मिटलं.

"तू जा," ती मला म्हणाली. "पाणी दे. मी कुठे आहे विचारलं तर खरं सांग. पण दादा आल्याशिवाय मी समोर येणार नाही."

खोलीत आत्याचे यजमान आणि त्यांचे चुलते बसले होते. मी तांब्या-भांडं ठेवलं. चुलते पाणी प्याले आणि त्यांनी विचारलं, "कुठं हाय ती?"

"गोठ्यात. अभ्यास करतेय."

"कसला अभ्यास?"

"मॅट्रिकचा. आम्ही दोघी बसणार आहोत."

ते यजमानांकडे बघून हसले. यजमान हसले नाहीत. चुलते म्हणाले, "तिची सासू अंथरुणाला खिळलीया. निम्मं अंग गेलंय. घरात दुसरं बाईमाणूस न्हाई. तिला म्हणावं, ट्रंक भर. दुपारच्या गाडीनं निघायचं हाय."

मी तिथे उभी होते आणि माझ्या मनात पहिल्यांदा भूमिती आली. वर्तुळ अर्धंच झालं होतं. पेशवाईचा शेवट, बीजगणितातली शेवटची प्रकरणं, सगळं आत्याकडे होतं. ती गेली तर माझा अर्धा अभ्यास तिच्याबरोबर गाडीत बसून जाणार होता. मग तिचा चेहरा आठवला, आणि तीच जाणार हे कळलं. दोन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या होत्या. त्या मला कधीच वेगळ्या करता आल्या नाहीत.

"अण्णा येईपर्यंत थांबा," मी म्हटलं. 

चुलते उठले आणि गोठ्याकडे निघाले. गोठ्याच्या दारात काकी सूप घेऊन बसली होती. ती उठली नाही.

"आत जायाचं न्हाई," ती म्हणाली. "म्हस व्यायला झालीया. परकं माणूस बघितलं की थांबती."

कुठलीच म्हैस व्यायला झालेली नव्हती. चुलते क्षणभर थांबले. दुसऱ्याच्या गावात, दुसऱ्याच्या दारात आहोत हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. ते परत येऊन बसले. मग भोंगा होईपर्यंत दोघं तिथेच बसून राहिले. आई आली, तिने चूल पेटवली, भाकरी टाकायला घेतल्या. मी तिच्या शेजारी बसून नुसती जाळाकडे बघत होते.

अण्णा आले ते हाता-तोंडाला कोळशाची काजळी असतानाच. चुलत्यांनी सगळं पुन्हा सांगितलं. अण्णा ऐकत राहिले. मला त्यांचा चेहरा माहीत होता. ते विरघळत होते. आजारी माणूस, तीही म्हातारी, आणि बहिणीचं घर. त्यांच्या मते बहिणीने नांदावं हेच बरं होतं, आणि आता तर यजमान स्वतः न्यायला आले होते.

"जायला तर पाहिजेच," अण्णा म्हणाले.

तेव्हा आत्या दारात आली. डोक्यावरून पदर घेतलेला, पदराला कडब्याच्या काड्या चिकटलेल्या. ती कुणाच्याही पाया पडली नाही. तिने यजमानांना विचारलं, "कधीपासून आहे असं?"

यजमान पहिल्यांदाच बोलले. "संक्रांतीपासनं."

"कोणतं अंग गेलंय?"

"डावं. हात उचलत न्हाई."

"खातात का?"

"पेज घेती. दुसरं न्हाई."

"कूस कोण बदलतं?"

यजमानांनी मान खाली घातली. "मीच," ते म्हणाले.

आत्याने पदराच्या काड्या झटकल्या. मग म्हणाली, "माझा शेवटचा पेपर झाला की मी येते. न्यायला येऊ नका, माझी मी येईन. त्यांचं सगळं करीन. पण परीक्षा देऊन."

"आन् तवर म्हातारीचं काय झालं म्हंजे?" चुलते म्हणाले.

"ते माझ्या हातात नाही."

"मग ऐक. आत्ता निघालीस तर तुझं घर हाय. न्हाईतर कायमची ऱ्हा हितंच."

सगळे अण्णांकडे बघू लागले. अण्णांनी काजळीचे हात एकमेकांवर चोळले. माझ्याकडे पाहिलं, मग बहिणीकडे. "पाव्हणं," ते सावकाश म्हणाले, "चार महिने बघतोय मी. झोपेत असलो तरी ऐकतोय. परीक्षा होऊ द्या."

पाहुणे न जेवता गेले. आईने केलेल्या भाकऱ्या टोपलीत तशाच राहिल्या. दारचं माणूस उपाशी गेलं, ही गोष्ट आईला कितीतरी दिवस लागून राहिली होती.

त्या संध्याकाळी आम्ही दोघी पुस्तक उघडून बसलो, पण एक ओळ पुढे गेली नाही. दुसऱ्या दिवसापासून मात्र आत्याने वाटणीच बदलली. तिचा भाग ती मला दुप्पट वेगाने शिकवू लागली. नदीवर भूमिती, शाळेतून आले की इतिहास, जेवण झालं की बीजगणित. इंग्रजीचं पुस्तक मी पुढे केलं की म्हणायची, "उद्या." मी एकदा हट्टच धरला.

"आत्या, तुझं इंग्रजी राहतंय."

"ते लोक पुन्हा आले आणि दादांचं मन फिरलं तर?" ती म्हणाली. "माझ्याकडचं तुझ्याकडे आधी आलेलं बरं. बस. वर्तुळ काढ."

तिला स्वतःबद्दल खात्री नव्हती, हे मला तेव्हा कळलं. मी सकाळी धुणं बडवता बडवता इंग्रजी वाक्यं म्हणायचे आणि ती मागून म्हणायची, पण तिचं लक्ष रस्त्याकडे असायचं.

परीक्षेचं केंद्र पुण्यातल्या एका शाळेत होतं. सकाळच्या एस.टी.ने आम्ही दोघी जायचो. थांब्यावर उभं राहिलं की आत्या आधी सगळ्या फेट्यांवरून नजर फिरवायची, सासरचं कुणी दिसतं का म्हणून. गणिताचा पेपर मला चांगला गेला. वर्तुळाचं प्रमेय आलं होतं. मी लिहीत होते आणि तिचाच आवाज ऐकत होते, आधी दिलंय काय ते बघ.

इंग्रजीच्या दिवशी शाळेच्या फाटकाबाहेर, कडुनिंबाखाली, तिचे यजमान उभे होते. एकटेच. आत्या थबकली. मी तिचा दंड धरला. फाटकाच्या आत गेलो तर ते येऊ शकले नसते, आणि मी तिला ओढतही होते, पण ती हलली नाही. ते पुढे आले आणि थोडं अंतर ठेवून थांबले. दाढी वाढलेली होती. रात्रभर प्रवास केलेला दिसत होता.

"आई इचारती," ते म्हणाले. "तू कवा येणार."

"शनिवारी. सकाळच्या गाडीने निघते."

त्यांनी मान हलवली. घंटा झाली. मुलं-मुली आत धावू लागली. ते म्हणाले, "आज कसला पेपर हाय?"

"इंग्रजी."

"बरं," ते म्हणाले, आणि बाजूला झाले.

पेपर सुटल्यावर बाहेर आलो तेव्हा ते तिथे नव्हते. गाडीत बसल्यावर मी आत्याला विचारलं, कसा गेला. ती खिडकीबाहेर बघत होती. "निबंध लिहायला घेतला आणि शब्दच येईनात," ती म्हणाली. "निम्मा कोरा राहिला."

शनिवारी ती गेली. अण्णांनी तिला गाडीत बसवून दिलं. ती परत येईल असं आमच्यापैकी कुणालाच वाटत नव्हतं.  चैत्र गेला, वैशाख गेला. मध्ये एक कार्ड आलं, सासूबाई आता बसवलं तर बसतात, एवढंच. मी दुपारी गोठ्यात जाऊन बसायचे. करायला अभ्यास नव्हता, तरी जायचे. काकी विचारायची, "आली का न्हाई?" मी मान हलवायचे.

निकाल लागला. मी पास झाले, गणितातही. आत्या इंग्रजीत नापास झाली. अण्णांनी वर्तमानपत्र पुन्हापुन्हा पाहिलं, तिचा नंबर चुकून राहिला असेल अशा आशेने. मग घडी घालून ठेवत मला म्हणाले, "तुझ्या मावशीला कळवतो, मुलगी पुढं शिकणार आहे." ज्याची मी वर्षभर वाट बघत होते ते वाक्य ऐकून मला रडू कोसळलं, आणि ते कशाचं हे आईला समजावून सांगता आलं नाही.

आत्या आली ती श्रावण संपता संपता. सासू गेली होती; तेराव्यापर्यंतचं सगळं करून ती निघाली होती. यजमान पिंपरीच्या थांब्यापर्यंत सोडायला आले होते. "घरी चला म्हटलं," ती म्हणाली, "नको म्हणाले. तिथूनच परतले." तिचे हात खरखरीत झाले होते आणि ती वाळली होती. आईने तिला जेवायला वाढलं. जेवता जेवता ती मला म्हणाली, "ऑक्टोबरला पुन्हा परीक्षा असते ना?"

मी तोवर पुण्याला कॉलेजात जाऊ लागले होते. सकाळी लवकर उठून नदीवर, संध्याकाळी आल्यावर गोठ्यात, मी तिला इंग्रजी शिकवलं. आता दोघींमध्ये एकच विषय होता आणि नियम तोच. तिला उलट सांगता आलं नाही की दुसऱ्या दिवशी मी पुन्हा तयार करून यायचं. तेव्हा कळलं की शिकवणारीची झोप कशी उडते. ऑक्टोबरात ती पास झाली. पुढे ट्रेनिंग करून चाकणच्या बाजूला, कुरुळीच्या शाळेत ती मास्तरीण झाली आणि पुष्कळ वर्षं तिथेच राहिली. यजमानांकडे ती नांदायला गेली नाही. ते कधीमधी येत, शाळा सुटेपर्यंत बाहेर बसत, तिच्या हातचा चहा घेत आणि संध्याकाळच्या गाडीने जात. त्या दोघांचं काय ठरलं होतं ते तिने कुणाला सांगितलं नाही.

माझं लग्न होऊन मुलं शाळेत जायला लागल्यावर एकदा मी तिच्याकडे राहायला गेले होते. तिला विचारलं, "तेव्हा माझ्यासाठी तू इंग्रजी मुद्दाम सोडलंस का?"

ती कांदे निवडत होती. "मुद्दाम कसलं," ती म्हणाली. "तुझ्या दारात स्थळ उभं होतं. मला ऑक्टोबर होता."

मग सुपातला एक सडका कांदा बाजूला टाकत तिने विचारलं, धाकट्याला अपूर्णांक जमतात का.